बिजलीचा खडक

8 मे 1902 च्या सकाळी आठच्या सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माँ पेले हा ज्वालामुखी फुटला. लाव्हाची नदी वगैरे काही आली नाही. तापलेली राख, वायू आणि दगडधोंडे यांचा लोट उतारावरून घोंघावत खाली आला आणि काही मिनिटांत सां-पिएर नावाचं गजबजलेलं शहर संपलं. सुमारे 28 हजार माणसं गेली. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं आल्फ्रेड लाक्रोआ या खनिजतज्ज्ञाला तिकडे धाडलं. तो बेटावर महिनोन्‌महिने राहिला, पुढचे लोट त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यांची छायाचित्रं घेतली आणि 1904 मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. ज्वालामुखी म्हणजे वाहता लाव्हा, ही तोवरची सर्वसाधारण समजूत त्या ग्रंथानं मोडीत काढली.

त्याच 1902 साली लुईस ली फर्मर नावाचा बाविशीतला इंग्रज तरुण कलकत्त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, म्हणजे जीएसआयमध्ये, रुजू झाला. लवकरच त्याची रवानगी मध्य प्रांतात झाली. नागपूर, बालाघाट, छिंदवाडा, भंडारा हा त्याचा मुलूख. इथे ना धूर होता ना ज्वालामुखीचं तोंड. धानाच्या बांध्या, कोहळी समाजानं बांधलेले तलाव, साल-मोहाची जंगलं आणि त्यातून डोकं वर काढणाऱ्या बुटक्या टेकड्या. लाक्रोआनं पेलेवर जे पाहिलं, त्याच्याच जातीचं काहीतरी याच मुलखाच्या पूर्व टोकाला दगड होऊन पडलेलं होतं. पण ते तसं आहे हे ओळखायला आणखी बराच काळ जायचा होता.

भंडारा आणि ज्वालामुखी ही जोडी ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. भंडारा म्हटलं की तांदूळ आठवतो, पितळी भांडी आठवतात, वैनगंगा आठवते. पण जगभरच्या भूवैज्ञानिक लेखनात हे नाव वेगळ्याच संदर्भात येतं. मध्य भारताच्या पायाशी असलेल्या अतिप्राचीन, स्थिर भूखंडाला अभ्यासक बस्तर क्रेटन म्हणतात आणि त्याचंच दुसरं प्रचलित नाव भंडारा क्रेटन. कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात बसून पृथ्वीच्या बालपणाचा अभ्यास करणाऱ्याला भंडारा ठाऊक असतो तो या नावामुळे. तिथली भांडी त्याच्या गावीही नसतात.

महाराष्ट्रातल्या सर्वसामान्य वाचकाच्या मनात ज्वालामुखी पश्चिमेकडे असतो. सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याचा कातळ, महाबळेश्वरची पठारं, हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर आहेत हे शाळेत शिकवलं जातं. (लोणारलाही लोक ज्वालामुखी म्हणतात, पण ते विवर उल्केच्या आघातानं झालेलं आहे.) आजही या बेसाल्टनं सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. त्याची पूर्वेकडची कड नागपुरात येते. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हे त्या काळ्या कातळाचे अखेरचे ठळक उंचवटे. तिथून भंडाऱ्याकडे निघालं की काळा कातळ मागे राहतो आणि शिस्ट, क्वार्टझाइट, नाइस असे जुनाट, दाबलेले, भाजलेले खडक लागतात. म्हणजे ज्वालामुखींचा प्रदेश नागपुरात संपला, असं वाटणं साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक अभ्यासकांचाही तोच समज होता.

या कडेवरूनच गोष्ट सुरू करावी लागते, कारण विदर्भात ज्वालामुखीच्या खडकांचा मैदानी अभ्यास याच काळ्या कातळावर सुरू झाला.

हेन्री व्हॉयसी हा पेशानं शल्यचिकित्सक. भारताची त्रिकोणमितीय मोजणी करणाऱ्या विल्यम लॅम्बटनच्या पथकात तो भूशास्त्रज्ञ म्हणूनही काम करी. लॅम्बटन 1823 च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. व्हॉयसीनं गाविलगडच्या डोंगरांत, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेले शंखशिंपले शोधले होते. आगीतून आलेल्या खडकात पाण्यातल्या जिवाचे अवशेष कसे, हा प्रश्न त्यानं पुढच्या पिढीसाठी ठेवला आणि 1824 मध्ये कलकत्त्याच्या वाटेवर तोही गेला. त्या काळच्या फील्डवर्कमध्ये लाव्हापेक्षा तापानं मेलेली माणसं जास्त.

व्हॉयसीच्या प्रश्नाला खरा हात घातला तो एका पाद्र्यानं. स्टीफन हिस्लॉप 1840 च्या दशकाच्या मध्यावर स्कॉटलंडहून नागपुरात आला. शाळा काढली (आजचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं), मराठी शिकला आणि थंडीच्या दिवसांत खेडोपाडी प्रचाराला हिंडू लागला. हिंडताना खिशात हातोडी असे. जीएसआयची स्थापना झाली 1851 मध्ये. त्याच वर्षी हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळीत जीवाश्मांचा खजिना सापडला. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, फळं, बिया, कीटकांचे अवशेष, माशांचे खवले. टाकळी आता शहराच्या पोटात गेली आहे. दोघांचा मोठा निबंध 1855 मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला आणि नागपूरचा परिसर युरोपातल्या अभ्यासकांच्या नकाशावर आला.

सीताबर्डीच्या टेकडीच्या कुशीत पाहिलं तर खाली लाव्हा, मध्ये तळ्यात साचलेला गाळाचा पातळ थर आणि वर पुन्हा लाव्हा. याचा अर्थ काय, यावर भांडण जुंपलं. काहींना वाटे, आधी तळं होतं, वर एक लाव्हा पसरला आणि खालचा लाव्हा मागाहून गाळाच्या तळाशी घुसला. जीएसआयच्या विल्यम ब्लॅनफर्डनं तापी-नर्मदेची खोरी पायाखाली घातली आणि 1860 च्या दशकात दुसरा अर्थ मांडला. लाव्हा एकापाठोपाठ एक आले, पण मध्ये विश्रांती घेत. त्या विश्रांतीत तळी साचली, झाडं वाढली, गोगलगायी जगल्या आणि मग पुढचा लाव्हा त्यांच्यावरून गेला. हेच टिकलं. प्रचंड उद्रेकही सलग नसतो, त्यात मोकळे काळ असतात, हे नागपूरच्या एका बुटक्या टेकडीनं शिकवलं. आज अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या प्रयोगशाळा डायनासोरांच्या अंताचा हिशेब करताना याच मोकळ्या काळांची लांबी मोजत असतात.

हिस्लॉपचा शेवट त्याच्या हिंडण्यातच झाला. 4 सप्टेंबर 1863 च्या रात्री टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून तो घोड्यावरून एकटाच परतत होता. नदीला पूर आलेला होता आणि तो त्यात बुडाला. त्याच्या कागदांत गोंडांविषयीची टिपणं होती. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ती 1866 मध्ये छापली. त्यात गोंडांच्या एका परधान गायकाकडून उतरवून घेतलेलं लिंगोचं गीत होतं. गोंडांचे पूर्वज काचीकोपा लोहागडच्या गुहेत कोंडलेले होते आणि लिंगोनं त्यांना सोडवलं, ही कथा त्यात येते. आज गोंड समाज हे स्थान कचारगडला मानतो. माघ पौर्णिमेला तिथे देशभरातून लोक येतात. कचारगड सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ आहे. म्हणजे एक भूशास्त्रज्ञ ज्या जागेची कथा लिहून गेला, तिच्या आसपासचे खडक वाचायला त्याच्यानंतर जवळपास शंभर वर्षं लागली.

दरेकसापर्यंत बाहेरच्या जगाला नेलं रेल्वेनं. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरहून राजनांदगावकडे अरुंद रुळांची वाट गेली. ती पुढे बंगाल-नागपूर रेल्वेनं घेतली आणि रुंद केली. गोंदिया सोडलं की आमगाव, सालेकसा, दरेकसा, मग बोरतलाव आणि डोंगरगड. यातली तीन नावं भूविज्ञानाच्या पुस्तकांत आहेत. आमगावचं नाव तळाच्या नाइस खडकांना, बोरतलावचं वरच्या वालुकाश्मांना आणि डोंगरगडचं तर सगळ्या खडकसंचालाच. या रुळांच्या भोवतालचा जमीनदारी मुलूख बिजलीचा. लोकल गाडीतून धानाची पोती घेऊन जाणाऱ्याला याची कल्पना असायचं कारण नाही, पण या टापूत स्टेशनांच्या पाट्या वाचत जाणं म्हणजे पृथ्वीच्या इतिहासाचं अर्धं प्रकरण वाचणं आहे.

1888 मध्ये जीएसआयच्या प्रमथनाथ बोस यांनी रायपूर आणि बालाघाट जिल्ह्यांतल्या अग्निजन्य खडकांवर टिपण प्रसिद्ध केलं. सर्वेक्षणात वरच्या श्रेणीत नेमले गेलेले ते पहिले भारतीय. दल्ली-राजहराच्या लोखंडाकडे लक्ष वेधलं तेही त्यांनीच. 1903 मध्ये त्यांच्याहून दहा वर्षांनी कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंडला संचालक केलं, तेव्हा बोस बाहेर पडले. पुढे मयूरभंजच्या लोखंडाची खबर त्यांनी टाटांना दिली आणि त्यातून जमशेदपूर उभं राहिलं. ही हकीकत इथे सांगायचं कारण एवढंच की मध्य प्रांतातल्या अग्निजन्य खडकांवर लिहिणारा पहिला भारतीय माणूस पुढे पोलादाच्या इतिहासात गेला आणि दगडांवरचं त्याचं काम झाकलं गेलं.

हॉलंडच्या कारकिर्दीत मँगेनीजची धूम उठली. मध्य प्रांतात नागपूर जिल्ह्यातल्या मनसरपासून खाणकाम सुरू झालं आणि तुमसर भागात चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी ही गावं खाणींची झाली. युरोपातल्या पोलाद कारखान्यांना हे काळं, जड खनिज हवं होतं. ते आलं कुठून, किती खोल आहे, किती काळ पुरेल, हे शोधायला फर्मरला पाठवलं होतं.

त्या वेळचा फील्ड सीझन पावसाळा सरल्यावर सुरू व्हायचा आणि ऊन असह्य होईपर्यंत चालायचा. तंबू, स्वयंपाकी, चपराशी, सामान वाहणाऱ्या बैलगाड्या, दगडांचे नमुने ठेवायच्या लाकडी पेट्या. साहेब घोड्यावर किंवा पायी, हातात हातोडी, गळ्यात भिंग, खिशात होकायंत्र. पुढे चालणारा वाटाड्या मात्र गावचा. रानातला कुठला ओहोळ उघड्या खडकावरून वाहतो, कुठल्या टेकडीचा दगड हातात जड लागतो, हे त्याला ठाऊक असे. या वाटाड्यांची नावं अहवालांत नाहीत. नकाशे मात्र त्यांच्याच पायवाटांवर आखलेले आहेत.

फर्मरचा ‘भारतातील मँगेनीज खनिजसाठे’ हा अहवाल 1909 मध्ये आला. हजारावर पानं. त्यात त्यानं एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. तो आजही जगभर याच नावानं ओळखला जातो. पण मुख्य प्रश्न होता मुळाचा. हा खडक आगीचा की पाण्याचा? मँगेनीज वितळलेल्या रसातून आलं, की समुद्राच्या तळाशी गाळ म्हणून साचलं आणि मग दाबानं, उष्णतेनं भाजून निघालं? फर्मरनं गोंडाइटचं मूळ पाण्यात ठेवलं आणि ते बरोबर निघालं. विशाखापट्टणकडच्या कोडुराइट या भाईबंदाला मात्र त्यानं आगीतून जन्मलेला म्हटलं आणि ते नंतरच्यांनी खोडलं. एकाच माणसाचं एकाच ग्रंथातलं एक उत्तर टिकतं आणि दुसरं पडतं, यावरून जुने, भाजलेले खडक वाचणं किती अवघड असतं हे कळावं. ताज्या लाव्हाला कुणी गाळ म्हणणार नाही. अब्जावधी वर्षं दडपलेला लाव्हा आणि दडपलेला चिखल मात्र डोळ्यांना जवळपास सारखेच दिसू शकतात. भंडाऱ्यातल्या भूशास्त्रीय कामाचं वैशिष्ट्य हेच: इथे आधी ज्वालामुखी होता की नव्हता, हेच सिद्ध करावं लागतं.

फर्मरला ज्वालामुखी स्वस्थ बसू देईना. सिरिल फॉक्सबरोबर त्यानं छिंदवाड्याजवळच्या लिंगा इथल्या लाव्हाचे प्रवाह एकेक करून नकाशावर घेतले. तो निबंध 1916 चा. तोवर दख्खनचा लाव्हा म्हणजे एक सरसकट काळा ढीग असंच बहुधा रंगवलं जाई. त्याचे एकेक थर वेगळे ओळखता येतात, त्यांचा माग मैलोन्‌मैल काढता येतो, हे लिंगानं दाखवलं. मग भुसावळला कोळशाच्या शोधात एक खोल भोक पाडलं गेलं. कोळसा लागला नाही, लाव्हाच लाव्हा लागला. सुमारे 1,200 फुटांच्या त्या गाभ्यातून फर्मरनं 29 प्रवाह वेगळे काढले आणि 1925 मध्ये त्यांचं वर्णन छापलं. कोळसा न सापडल्याबद्दल विज्ञानानं आभार मानावेत अशी ही दुर्मीळ जागा.

फर्मर पुढे जीएसआयचा संचालक झाला, रॉयल सोसायटीचा फेलो झाला. घराकडे त्याचं लक्ष फारसं नसावं. 1915 साली जन्मलेल्या त्याच्या मुलाला, पॅट्रिकला, तान्हेपणीच इंग्लंडमध्ये एका शेतकरी कुटुंबाकडे ठेवून आई भारतात परतली. बापलेकांची भेट क्वचितच. हाच मुलगा अठराव्या वर्षी हॉलंडपासून कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पायी निघाला आणि पुढे इंग्रजीतला गाजलेला प्रवासलेखक झाला. पायी हिंडण्याचं वेड मात्र थेट बापाकडून आलेलं दिसतं.

दरेकसा-बिजलीच्या खडकांचा उलगडा झाला तो स्वातंत्र्यानंतर. खरगपूरच्या आयआयटीच्या नियतकालिकात एस. एन. सरकार यांचा दोन भागांतला निबंध 1957-58 मध्ये आला. त्याच्या शीर्षकातच ‘भंडारा-दुर्ग-बालाघाट’ आणि ‘मुंबई व मध्य प्रदेश’ असे शब्द आहेत. भंडारा तेव्हा नुकताच मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता आणि राज्यांच्या नव्या सीमा सरकार यांनी अभ्यासलेल्या खडकांच्या मधोमध गेल्या होत्या. त्यांनी या साऱ्या खडकांना ‘डोंगरगड सिस्टिम’ म्हटलं, तळापासून माथ्यापर्यंत क्रम लावला आणि गावांची नावं वापरली. तळाजवळ बिजली रायोलाइट, त्यावर पिटेपानीचे लाव्हा, मग त्यांत घुसलेला डोंगरगडचा ग्रॅनाइट, आणि वर सीतागोटा, करुटोला, मांगीखुटा. सगळी खेड्यांची नावं.

रायोलाइट म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के असते, रायोलाइटमध्ये 70 टक्क्यांच्या पुढे. सिलिका वाढली की रस घट्ट होतो, वाहत नाही, आतला वायू कोंडतो आणि स्फोट होतो. हवाई बेटांवरचा लाव्हा बघायला पर्यटक जातात. रायोलाइटचा ज्वालामुखी जागा झाला तर पर्यटकांना पळावं लागतं. त्याची राख, पमिस (फेसासारखा सच्छिद्र दगड) आणि वायू मिळून पेलेसारखाच लोट होतो, फक्त कितीतरी मोठा. तो खाली बसला की स्वतःच्याच उष्णतेनं आणि वजनानं चिकटून दगड बनतो. अशा दगडाला ‘इग्निंब्राइट’ हे नाव 1930 च्या दशकात न्यूझीलंडच्या पॅट्रिक मार्शलनं दिलं. त्याआधी 1912 मध्ये अलास्कात काटमाईजवळ मोठा उद्रेक झाला होता. रॉबर्ट ग्रिग्ज 1916 मध्ये तिथे पोचला तेव्हा राखेनं भरलेली सबंध दरी हजारो छिद्रांतून वाफा सोडत होती. ती दरी पाहिल्यावर अभ्यासकांना कळलं की जगात ठिकठिकाणी लाव्हा म्हणून नोंदलेले कित्येक जुने खडक प्रत्यक्षात गोठलेली राख आहेत.

ओळखायचं कसं? कापलेल्या दगडात पमिसचे तुकडे दाबले जाऊन कांडलेल्या पोह्यांसारखे चपटे झालेले दिसतात, सगळे एकाच दिशेनं निजलेले. सूक्ष्मदर्शकाखाली काचेचे वाकडेतिकडे कण दिसतात, आता स्फटिक बनलेले. फेल्डस्पार आणि क्वार्ट्झचे मोडलेले खडे दिसतात. यातली प्रत्येक खूण 250 कोटी वर्षांत पुसट होते. बिजलीच्या खडकांत वाहून आलेला रायोलाइट आहे, राखेचे थर आहेत, ज्वालामुखीतून उडालेल्या तुकड्यांचे खडकही आहेत. सरकार यांनी आखलेल्या चौकटीत पुढच्या अभ्यासकांनी हे तपशील भरले. पेले, काटमाई, न्यूझीलंड यांच्यामुळे त्यांच्याकडे शब्द होते. बोस किंवा तरुण फर्मर यांच्याकडे ते नव्हते.

वयाचाही घोळ होता. 1981 मध्ये सरकार यांनी के. गोपालन आणि जे. आर. त्रिवेदी यांच्यासह रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीनं बिजलीच्या खडकांचं वय सुमारे 218 कोटी वर्षं काढलं. नंतर झिरकॉनच्या कणांतलं युरेनियम आणि शिसं मोजलं गेलं आणि वय सुमारे 250 कोटींवर गेलं. फरक मोठा आहे. रुबिडियम-स्ट्रॉन्शियमचं घड्याळ नंतरच्या उष्णतेनं बिघडू शकतं. झिरकॉन हा भारी चिवट स्फटिक, तो मूळ जन्मवेळ धरून ठेवतो. दख्खनच्या लाव्हाच्या तुलनेत हे जवळजवळ चाळीस पट जुनं. त्या वेळी जमिनीवर गवत नव्हतं, हवेत प्राणवायू जवळपास नव्हता. राखेचे लोट आले तेव्हा पळायला कुणी नव्हतं.

खुद्द आजच्या भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या टापूतही लाव्हा निघाला. जीएसआयच्या मंडळींनी 55 ओ आणि 55 पी या टोपोशीटांवर तपशीलवार नकाशे केले. कुही-खोबनाकडचं टंगस्टन आणि पोहऱ्याकडचं सिलिमनाइट यांनी त्यांना गुंतवून ठेवलं होतं. साकोली गटाचे पुढे चार भाग पाडले गेले: गायखुरी, धाबेटेकरी, भिवापूर, पवनी. धाबेटेकरीत बेसाल्ट, भिवापुरात बेसाल्ट आणि रायोलाइट दोन्ही. पण सगळे रूपांतरित. बेसाल्टचा हिरवट, पापुद्र्यांचा शिस्ट झालेला. शेताच्या बांधावर असा दगड पडलेला असतो आणि त्याला लाव्हा म्हणायला रासायनिक पृथक्करण लागतं.

मेलेल्या ज्वालामुखीवर काम करणाऱ्याला जीव धोक्यात घालावा लागत नाही, असं म्हणतात. जिवंत ज्वालामुखीचं तसं नाही. 18 मे 1980 ला अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सच्या उद्रेकात ज्वालामुखीतज्ज्ञ डेव्हिड जॉन्स्टन मेला. 3 जून 1991 ला जपानच्या उन्झेनवर मॉरिस आणि कातिया क्राफ्ट हे ज्वालामुखीतज्ज्ञ जोडपं, हॅरी ग्लिकन आणि आणखी 40 जण गेले, ते राखेच्या लोटातच. 1993 च्या जानेवारीत कोलंबियाच्या गालेरासच्या तोंडाशी सहा शास्त्रज्ञ मेले. भंडाऱ्यात असं होत नाही हे खरं. पण सालेकसा-दरेकसाच्या जंगलात नक्षलवादी चळवळीच्या काळात हातोडी आणि नकाशा घेऊन एकट्यानं हिंडणं सोपं नव्हतं. त्याआधी वाघ होते, हिवताप होता.

जिवंत ज्वालामुखीची गाठ जीएसआयला घ्यायची असेल तर अंदमानात जावं लागतं. फ्रेडरिक मॅलेटनं बॅरन आणि नारकोंडम बेटांवरचा अहवाल 1885 मध्ये लिहिला. दीडशेहून जास्त वर्षं झोपलेलं बॅरन 1991 मध्ये जागं झालं आणि धनपती हलदर यांच्यासह जीएसआयचं पथक तिथे पोचलं. जिवंत ज्वालामुखी आपला बाहेरचा भाग दाखवतो. त्याच्या पोटात काय आहे ते कळायला वरचे थर झिजून जावे लागतात, आणि डोंगरगडच्या पट्ट्यात ते झिजून गेलेले आहेत. रायोलाइटच्या शेजारी त्यात घुसलेला ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. बॅरनवर उभ्या राहिलेल्या माणसाला तो पाहता येणार नाही.

उलट दिशेनंही शिकवणी झाली. दख्खनच्या लाव्हाचे प्रवाह कसे पसरले हे समजायला पुण्याच्या निनाद बोंद्रे, रेमंड दुराईस्वामी आणि गौरी डोळे यांनी हवाईत डोळ्यांदेखत फुगणाऱ्या लाव्हाच्या निरीक्षणांचा आधार घेतला. त्यांचा 2004 चा निबंध जगभर वाचला गेला. त्यांच्या आधी जॉर्ज वॉकर हा ब्रिटिश ज्वालामुखीतज्ज्ञ सह्याद्रीत हिंडून गेला होता. लाव्हाचे साधे आणि संयुक्त प्रवाह ही त्याची 1971 ची विभागणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कातळावर पारखलेली आहे. पुणे, मुंबई, नाशिक या बाजूला अभ्यासकांची सतत वर्दळ असते. दरेकसाकडे येणारे त्या मानानं थोडे. कातळ जुना, जंगल दाट आणि थेट डायनासोरांशी संबंध नाही, मग कोण येतो?

जे आले त्यांत लखनौ विद्यापीठाचे सरजित सेनशर्मा. त्यांनी 2004 मध्ये सहकाऱ्यांबरोबर बिजली रायोलाइटमध्ये भूकवचाचा वाटा किती आणि खालच्या प्रावरणाचा किती याचा हिशेब मांडला. 2007 मध्ये ते आणखी पुढे गेले. डोंगरगड ही एक महाअग्निजन्य प्रांताची जागा आहे, तिच्यात बेसाल्ट आणि रायोलाइट असे दोन्ही टोकांचे खडक मोठ्या प्रमाणात आहेत आणि मधल्या जातीचे फारसे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दख्खनमध्ये जवळजवळ सगळा बेसाल्टच, इथे तसं नाही. एवढी उष्णता आली कुठून? खोलातून वर आलेल्या प्रावरणाच्या स्तंभातून, की भूखंड ताणला गेल्यामुळे? वाद अजून चालू आहे.

हा वाद सोडवायला ताजा खडक लागतो. वर पडलेला दगड पावसानं, मुळांनी, मातीनं सडलेला असतो. त्याचं रसायन बदललेलं असतं. म्हणून भूशास्त्रज्ञ नदीचं पात्र शोधतात, खाणी शोधतात आणि सगळ्यांत जास्त रस्त्यारेल्वेची खोदकामं शोधतात. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं गोंदिया-डोंगरगड या 84 किलोमीटरच्या चौथ्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. जिथे जिथे हा मार्ग टेकड्या कापत जाईल तिथे काही महिने न सडलेला कातळ उघडा असेल, झाडोरा आणि काँक्रीट त्याला झाकेपर्यंत. नमुने घ्यायचे तर तेवढाच अवधी.